सात राउंड, अकरा आठवडे आणि ‘पोझिशन होल्डवर’: चूक नेमकी कुठे झाली?

प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारा नागपूरच्या मनीषनगरला राहतो आणि मिहानमधल्या एका सर्व्हिस कंपनीत सहा वर्षं जावा बॅकएंडवर काम करतोय. पुण्यात ऑफिस असलेल्या एका प्रॉडक्ट कंपनीने मार्चअखेर त्याला गाठलं. ऑनलाइन टेस्ट, टेक्निकल, घरी करायची असाइनमेंट, त्या असाइनमेंटवर चर्चा, सिस्टिम डिझाइन, पुण्यात समोरासमोर आणि शेवटी एचआर, असे सात राउंड झाले. एचआरने तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागून घेतल्या, ‘ऑफर प्रोसेसमध्ये आहे’ असं सांगितलं, आणि मग १९ दिवस कुणी फोन उचलला नाही. जूनच्या मध्यात दोन ओळींचा मेल आला की पोझिशन सध्या होल्डवर आहे. त्याने विचारलंय, ‘ताई, मी कुठे चुकलो? असाइनमेंटला नाहीच म्हणायला हवं होतं का? आणि नागपुरात बसून हे जमणारच नाही का, सरळ पुण्याला शिफ्ट होऊ?’

मी १९ वर्षं या धंद्यात आहे. पहिली सात पुण्यात गेली, बाकीची इथे परसोडीच्या आयटी पार्कात. त्यातली दहा-अकरा वर्षं मुलाखती घेण्यात गेली. मोजल्या नाहीत कधी, पण पाचशेच्या खाली नसतील. त्यामुळे तुझ्या प्रश्नातल्या निम्म्या गोष्टी माझ्या हातूनही कुणाच्या तरी बाबतीत झालेल्या आहेत, हे आधीच कबूल करते.

उत्तर आधी देते, कारणं मागून. तू दोन ठिकाणी चुकलास, आणि तुला वाटतंय तिथे चुकलेला नाहीस. पण त्या दोन्ही चुका झाल्या नसत्या तरी ही नोकरी बहुतेक मिळाली नसती. कारण माझ्या अंदाजाने, तू सात राउंड दिलेस ती जागाच पक्की नव्हती.

तुला वाटतंय तू टेक्निकलमध्ये घसरलास. एलआरयू कॅश, म्हणजे जागा भरली की सगळ्यात जास्त काळ न वापरलेलं आधी बाहेर काढणारी तात्पुरती साठवण, लिहायला सांगितली. हॅशमॅप आणि दुहेरी लिंक्ड लिस्ट तुला पाठ होती, तरी मधला नोड काढून मागचे-पुढचे पॉइंटर जोडायचे तिथे दोन मिनिटं हात थांबला. एप्रिलमधली दुपारी तीनची वेळ, माइकमध्ये घरघर जाते म्हणून कूलर बंद केलेला, कपाळावरचा घाम डोळ्यात, आणि पलीकडचा माणूस कॅमेरा बंद करून काहीतरी टाइप करून राहिला होता. हे तू जसं लिहिलंस ते वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण नागपुरात उन्हाळ्यात घरून मुलाखत देणाऱ्या प्रत्येकाची हीच कथा असते.

समोर कुणी बघत असताना डोकं बंद पडतं, यात लाजण्यासारखं काही नाही. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर हेच करून पाहिलं. काहींना मुलाखतकारासमोर फळ्यावर, बोलत बोलत कोडिंगचं कोडं सोडवायला लावलं. बाकीच्यांना तसंच कोडं, तसाच फळा, पण खोलीत एकटं सोडलं. समोर माणूस असलेल्यांची कामगिरी साधारण निम्म्यावर आली. समोर बसून सोडवणाऱ्या मुलींपैकी एकीलाही ते जमलं नाही आणि एकट्या खोलीतल्या सगळ्या मुलींना जमलं. मुली संख्येने थोड्या होत्या, म्हणून त्यावरून मी फार ताणणार नाही. पण माझी स्वतःची पहिली चार वर्षं मला आठवतात, एवढं बोलते.

आणि साधा हिशोब कर. त्या दोन मिनिटांमुळे तू नापास झाला असतास, तर त्यानंतर पाच राउंड कशाला घेतले असते? नापास उमेदवाराला कुणी पुण्याला बोलावत नाही. टेक्निकल तू पास झालास. असाइनमेंटही पास झालास. तुझी परीक्षा साधारण चौथ्या राउंडला संपली होती. त्यापुढे जे चाललं होतं ते त्यांचं आपापसातलं.

म्हणजे काय, ते सांगते. कंपनीत माणूस घ्यायचा तर आधी जागा मंजूर व्हावी लागते. आम्ही तिला हेडकाउंट म्हणतो. सिस्टिममध्ये तिचा नंबर असतो, तिच्यासमोर बजेट असतं, वर कुणाची तरी मंजुरी असते. नियमाने पाहिलं तर मंजुरी आधी आणि मुलाखती नंतर. पण आपल्याकडे नोटीस पिरियड ९० दिवसांचा. आज मंजुरी आली आणि उद्या मुलाखती सुरू केल्या तर माणूस प्रत्यक्ष खुर्चीत बसायला पाच महिने लागतात, आणि ऑफर घेतलेल्यांपैकी काहीजण नोटीस काळात दुसरी ऑफर मिळवून पळतात ते वेगळंच. म्हणून मॅनेजर शहाणपणा करतो. मंजुरी येईलच असं धरून आधीच मुलाखती लावतो, आणि एका जागेसाठी तीन माणसं रांगेत उभी करतो. मंजुरी आली तर पहिल्याला ऑफर, दुसरा-तिसरा ‘वॉर्म’, म्हणजे आशेवर ठेवलेला. नाही आली तर तिघेही होल्डवर. रिक्रूटरला हे माहीत असेलच असं नाही. ती तुला खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. तिला वरून ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच सांगितलेलं असतं.

आता तुझ्या तारखा बघ. मार्चअखेर सुरुवात, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाचं बजेट तोंडावर. जूनच्या मध्यात होल्ड, म्हणजे पहिली तिमाही संपायला पंधरा दिवस उरलेले आणि वरच्यांनी हात आखडलेला. मी त्या कंपनीत नाही, पण असा आलेख मी इतक्यांदा बघितलाय की मला दुसरं काही सुचत नाही.

मग ते मधले राउंड कशासाठी? आमच्याच ऑफिसातला मागच्या वर्षीचा एक डीब्रीफ, म्हणजे मुलाखतींनंतर पॅनल बसून निर्णय घेतं ती मीटिंग, सांगते. गुरुवारी साडेपाचची अर्ध्या तासाची मीटिंग, पॅनलवरचे चौघे. फॉर्मवर चारच पर्याय असतात: स्ट्राँग येस, येस, नो, स्ट्राँग नो. डिझाइन घेणाऱ्याने सहा दिवस फीडबॅक भरलेलाच नव्हता. मीटिंग सुरू झाल्यावर तो माझ्या शेजारी बसून टाइप करत होता, ‘कम्युनिकेशन ओके, डेप्थ कमी’. मी विचारलं, कशात डेप्थ कमी वाटली? म्हणाला, ‘नेमकं आठवत नाही, पण फील आला नाही.’ दोन येस, एक नो, आणि एक हा असा. मग कुणीतरी ते वाक्य बोललं, जे अशा प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी बोलतंच: ‘अजून एक राउंड घेऊन टाकू ना.’ सगळे मोकळे झाले. सव्वासहाची कॅब गाठायची होती आणि सही कुणालाच करायची नव्हती. त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मेल गेला की पॅनल तुमच्याबद्दल खूप पॉझिटिव्ह आहे, आणखी एक छोटंसं संभाषण ठेवूया.

गूगलने स्वतःच्या जुन्या मुलाखतींचा असा हिशोब एकदा मांडला होता. चार मुलाखतींत निर्णयाची खात्री ८६ टक्क्यांवर पोचते आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलाखतीने त्यात एक टक्क्याचीही भर पडत नाही, असं निघालं. मग त्यांनी चारची मर्यादा घालून घेतली. आपल्याकडच्या कंपन्यांनी गूगलचे कोडिंगचे प्रश्न जसेच्या तसे उचलले. चारचा आकडा तेवढा उचलला नाही.

आता तुझ्या दोन चुका.

पहिली डिझाइन राउंडची. ती तू स्वतःच लिहिली आहेस, फक्त चूक म्हणून नाही लिहिलीस. आर्किटेक्टने सांगितलं, ऑर्डर घेणारी सिस्टिम डिझाइन कर. तू ताबडतोब अकरा चौकोन काढलेस: गेटवे, काफ्का, पाच मायक्रोसर्व्हिस, रेडिस, वेगळी सर्च, आणखी काय काय. तू त्याला एक प्रश्न विचारला नाहीस. दिवसाला ऑर्डर किती?

धर त्याने सांगितलं असतं ५,०००. दिवसाचे मिनिट १,४४०, म्हणजे मिनिटाला साडेतीनच्या आसपास ऑर्डर. सगळ्याच्या सगळ्या संध्याकाळच्या दोन तासांत आल्या तरी मिनिटाला ४२. एवढ्याला एक पोस्टग्रेस डेटाबेस आणि सरळ एक ॲप्लिकेशन पुरतं, मशीन अर्धं झोपेत चालवेल. अशा सिस्टिममध्ये खरी गंमत चौकोनांत नसतेच. स्टॉकमध्ये शेवटचा एक नग उरलाय आणि दोघांनी एकाच क्षणी ‘खरेदी करा’ दाबलं, तर तू काय करणार? डेटाबेसातल्या त्या ओळीवर लॉक घेणार, की ‘शिल्लक शून्यापेक्षा जास्त असेल तरच एक वजा कर’ असा एकच अपडेट मारून किती ओळी बदलल्या ते बघणार? ग्राहकाचं नेट गेलं, त्याने पेमेंटचं बटण पुन्हा दाबलं, तर पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक विनंतीला ओळख क्रमांक कोण देणार, सर्व्हर की ॲप? पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदवायच्या आधी सर्व्हर बसला, तर कोण आणि कधी ताळा करणार? सहा वर्षं बॅकएंडवर काम केलेल्या माणसाने या तीन प्रश्नांवर पाऊण तास काढावा. काफ्काचा चौकोन काढायला यूट्यूब बघितलेला कुणीही काढतो. तुझ्या मिहानच्या प्रोजेक्टमध्ये ताळ्याचा जॉब तूच लिहिलाय असं तू तिसऱ्याच ओळीत सांगतोस, आणि तो त्या राउंडमध्ये तुझ्या तोंडून निघालाच नाही! मला त्याचंच जास्त वाटलं.

दुसरी चूक मोठी. त्या अकरा आठवड्यांत तू दुसरीकडे एकही अर्ज केला नाहीस. उलट एका ठिकाणाहून फोन आला होता तो ‘माझं जवळजवळ झालंय’ म्हणून नाकारलास.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. डिसेंबर २०२२. माझ्या टीममध्ये एक जागा होती आणि चंद्रपूरचा एक मुलगा मला फार आवडला होता. शांत बोलणारा, येत नाही ते सरळ येत नाही म्हणणारा. त्याचा शेवटचा राउंड झाला आणि त्याच आठवड्यात वरून भरती थांबवल्याचा मेल आला. जानेवारीत उघडेल असं माझ्या बॉसने तोंडी सांगितलं. मी रिक्रूटरला म्हटलं, त्याला वॉर्म ठेव. तिने ठेवला. दर चार दिवसांनी एक गोड मेसेज. एकदा तर ‘टीमशी ओळख’ म्हणून मीच त्याच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या, ज्याला त्याने अर्थातच राउंड समजून रात्रभर तयारी केली होती. जानेवारी गेला, जागा उघडली नाही. फेब्रुवारीत मी स्वतः फोन करून सांगितलं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, ‘मॅडम, आधीच नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी तुमच्यासाठी दोन ठिकाणी नाही म्हणून राहिलो होतो.’ मी सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन बोलत होते. फोन ठेवल्यावर बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

त्यानंतर मी एक केलं. मंजुरीचा नंबर सिस्टिममध्ये दिसल्याशिवाय मी माझ्या टीमसाठी दुसऱ्या राउंडच्या पुढे कुणाला नेत नाही. यावरून माझे दोन मॅनेजरांशी खटके उडाले आहेत आणि एकदा चांगला माणूस हातचा गेलाय. गेला तर गेला.

पण सगळीकडे असं नसतं, त्यामुळे हे शोधून काढायचं काम तुलाच करावं लागेल, आणि ते पहिल्या फोनवरच. रिक्रूटर तुझा पगार, नोटीस, लोकेशन विचारते तेव्हा तुझी पाळी आली की विचार: ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलंय म्हणून? मंजूर झालेली आहे का? एकूण राउंड किती, आणि शेवटचा निर्णय कोण घेतं? हे उद्धट वाटेल अशी भीती बाळगू नकोस. मुलाखत घेणाऱ्या बाजूने सांगते, असं विचारणारा उमेदवार आम्हाला भारी वाटतो, कारण असे फार कमी असतात. उत्तरातूनच पुष्कळ कळतं. ‘बदली जागा आहे, चार राउंड, मॅनेजर अमुक’ असं पटकन आलं तर बरं. ‘वी आर ऑलवेज लुकिंग फॉर गुड टॅलेंट’ असं आलं तर जागा नाही असं धर. मुलाखत दे हवी तर, सराव होईल, पण सुट्टी टाकून देऊ नकोस.

राउंड वाढवतील तेव्हाही विचारायचं. त्यांनी चार सांगितले होते आणि पाचवा आला, तर मेल टाक. मेल इंग्रजीतच जाईल, पण मतलब असा ठेव: आधी चार राउंड ठरले होते, पाचव्यात नेमकं काय तपासायचं राहिलंय ते कळलं तर तशी तयारी करेन, आणि हा शेवटचा आहे हेही कळवा. यात चिडचिड दिसत नाही, आणि ज्याने उगाच राउंड लावलाय त्याला कारण लिहावं लागतं. कारण लिहायची वेळ आली की निम्मे राउंड आपोआप गळतात. मी हे आतून बघितलंय.

असाइनमेंटचं तू विचारलंस. सरसकट नाही म्हणू नकोस. प्रत्यक्ष करायचं असतं तसलंच काम करायला लावून बघणं ही माणूस पारखायची वाईट पद्धत नाही. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून बघितलं तेव्हा ती पद्धत यादीत अगदी वर होती, आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत तिच्या जवळपास. किती वर्षांचा अनुभव आहे याचा उपयोग त्यामानाने फारच कमी निघाला. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले तेव्हा बरेचसे खाली आले, पण ठरलेल्या निकषांची मुलाखत वरच राहिली. तेव्हा मला असाइनमेंटचं वावडं नाही. वावडं आहे ते तुझ्या बाबतीत जे झालं त्याचं.

‘तीन-चार तासांचं काम आहे’ असं सांगून गोदामातला स्टॉक राखून ठेवणारी सर्व्हिस मागितली. स्प्रिंग बूट, डॉकर, टेस्ट, एपीआयचं डॉक्युमेंटेशन, सगळं. तू तीन रात्री जागलास, ४१ टेस्ट लिहिल्यास. आणि चर्चेच्या राउंडला समोरच्याने स्क्रीन शेअर करून तुझी रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं फोल्डर, पहिल्यांदा उघडली आणि विचारलं, ‘हे रन कसं करायचं?’ कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत, रीडमीत, पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

यापुढे असं कर. घड्याळ लाव. त्यांनी चार तास म्हटलं असेल तर चार तासांनी थांब, आणि रीडमीमध्ये स्पष्ट लिही की चार तासांत एवढं झालं, पुढे वेळ असता तर हे तीन भाग या क्रमाने केले असते आणि का. माझ्याकडे आलेल्या चांगल्या असाइनमेंटमध्ये मला तोच परिच्छेद सगळ्यात कामाचा वाटतो. काय सोडायचं हे ज्याला कळतं तो माणूस टीममध्ये हवा असतो. कोड तुझ्याच गिटहबवर ठेव, खाजगी ठेव, त्यांना बघायची परवानगी दे. आणि पाठवायच्या आधी एवढं विचारून घे की चर्चेच्या आधी हे कोण वाचणार आहे. दुसरं म्हणजे, असाइनमेंटमध्ये त्यांची खरी एपीआय, खरा डेटा, त्यांच्या ॲपमध्ये आज नसलेलं फीचर मागितलं, तर ती परीक्षा नाही, फुकटात काम करून घेणं आहे. तिथे नम्रपणे पर्याय दे: मी आधी केलेल्या कामातला एक भाग दाखवतो, त्यावर हवं ते विचारा. तुझ्या बाबतीत तसं काही दिसत नाही. तिथे नुसता हलगर्जीपणा होता.

पुण्याला स्वतःच्या खर्चाने गेलास याबद्दल बोलावं लागेल, कारण तिथे माझी जुनी जखम आहे. मीही एकदा अशीच इथल्या बैद्यनाथ चौकातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेले होते. रात्रभर बस, सकाळी स्टँडजवळच्या एका लॉजवर तासाचे पैसे देऊन तोंड धुतलं, ड्रेस बदलला, दहाला रिसेप्शनवर हजर. चार वाजेपर्यंत बसले. चार वाजता एक मुलगा येऊन म्हणाला, मुलाखत घेणारे आज बेंगळुरूला आहेत, तुम्हाला मेल नाही आला का? परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी बुलढाण्यापर्यंत रडले आणि मग झोप लागली. आता अजनीहून पुण्याला वंदे भारत आहे, २०२५ च्या ऑगस्टपासून, बारा तासांत नेते. समृद्धीने अर्धा रस्ता सोपा केलाय. तरी एका तासाच्या बोलण्यासाठी दोन दिवस जातातच. समोरासमोर बोलावलं तर येण्याजाण्याचा खर्च कंपनी देते का, हे तारीख पक्की करायच्या आधी मेलवर विचार. बऱ्याच कंपन्यांत तशी तरतूद असते, मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि नाहीच म्हणाले तरी विचारलंस म्हणून नाव कापलं जात नाही. त्याच दिवशी मॅनेजर आणि एचआर दोन्ही उरकून घ्या, असंही सांगायचं. तुला पुण्याहून परत आल्यावर एचआरचा वेगळा कॉल लावला, तो तिथेच झाला असता.

सॅलरी स्लिपा मागितल्या म्हणजे ऑफर आली असं तू धरलंस. तसं धरू नये. स्लिपा म्हणजे त्यांच्या एक्सेलमध्ये तुझा रकाना भरला, बस. माझं मत विचारशील तर आकडा त्यांच्याकडून मेलवर आल्यावरच स्लिपा द्याव्यात. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी मागतातच आणि नाही म्हटलं तर गाडी अडते, हेही मला माहीत आहे. तिथे तुझं तू ठरव. एका गोष्टीत मात्र ठरवायचं काही नाही. सही केलेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा टाकायचा नाही. तू टाकला नाहीस, हे वाचून मी हुश्श केलं. ‘लवकर जॉइन होत असाल तर आत्ताच पेपर टाका’ असं एचआरने सुचवलं होतं म्हणतोस. तसं तोंडी सुचवणाऱ्यांनी नंतर कुणाची जबाबदारी घेतल्याचं मी बघितलेलं नाही.

उत्तराची वाट किती बघायची? माझा हिशोब सोपा आहे. शेवटच्या राउंडनंतर कामाचे पाच दिवस गप्प. मग एक मेल, रिक्रूटरला, मॅनेजरला कॉपीत ठेवून. त्यानंतर आठवड्याने दुसरा, त्यात तारीख घालून: अमुक तारखेपर्यंत कळलं नाही तर मी माझ्या बाजूने हे बंद समजेन. मग खरंच बंद. १९ दिवस रोज दोन फोन, हे तुझ्या हातून झालं, होतं सगळ्यांच्याच हातून, पण फोन न उचलणाऱ्याला लाज वाटावी म्हणून फोन करण्यात फक्त आपली झोप जाते.

नागपूरचं आता. तू पुण्यात असतास तर ही जागा उघडली असती का? नाही. बजेटला तुझा पत्ता माहीत नव्हता. पुण्यात असल्याचा फायदा खरा आहे, पण तो दुसरा: ओळखीच्या माणसाकडून नाव पुढे जातं, आणि ‘रिलोकेट व्हाल ना नक्की?’ हा संशय राहत नाही. संशयाचं औषध सोपं आहे. ‘हो, बघू’ म्हणू नकोस. ‘ऑफरनंतर अमुक दिवसांत पुण्यात असेन, घरच्यांशी बोलणं झालंय’ असं तारखेसकट सांग, किंवा जायचं नसेल तर पहिल्याच फोनवर सांग. अधांतरी उत्तर देणारा उमेदवार रांगेत तिसरा जातो.

आणि ओळखीचं म्हणशील तर ती नागपुरातही मिळते. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, आमच्या परसोडीला पर्सिस्टंट आणि ग्लोबललॉजिक. व्हीएनआयटीतून आणि इथल्या खाजगी कॉलेजांतून बाहेर पडलेली निम्मी पुणे-बेंगळुरूची गर्दी दिवाळीला इथेच असते. तुझ्या बॅचचे कुठे कुठे आहेत याची यादी काढ. पोर्टलवरून केलेल्या शंभर अर्जांपेक्षा ती यादी लवकर कामी येते, कारण ओळखीचा माणूस तुला एक गोष्ट सांगू शकतो जी रिक्रूटर सांगत नाही: अरे, आमच्याकडे सध्या जागा फक्त कागदावर आहे, थांब. नोकरी हातात नसताना नुसतं मुलाखतींसाठी पुण्यात खोली घेऊन राहणं मला पटत नाही. मिहानची नोकरी चालू आहे, घर मनीषनगरला आहे, हे तुझं बळ आहे. घाईने हो म्हणायची वेळ येत नाही.

शेवटचं, त्या होल्डच्या मेलला उत्तर दे. दोन ओळी पुरे: कळवल्याबद्दल आभार, जागा उघडली तर बोलायला आवडेल, तोवर मी इतरत्र बघतोय. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते पुन्हा फोन करण्याची बरीच शक्यता आहे, कारण तुझे सातही फीडबॅक त्यांच्या सिस्टिममध्ये भरलेले आहेत आणि नवीन माणूस शोधण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. तेव्हा ‘फक्त एक छोटा राउंड’ म्हणाले, तर हसून सांग की सात झालेत, आठवा ऑफरच्या आकड्यावर बोलायचा असेल तर लगेच येतो.

आणि पुढे कधी दुसरीकडे एप्रिल-मेमध्ये कुठली मुलाखत लागलीच, तर सकाळी नऊची वेळ माग. तोवर भिंती तापलेल्या नसतात, कूलर बंद ठेवूनही तासभर निघतो.